सावकाश, तम्मा

आमच्या गावापासून हायस्कूल साडेचार किलोमीटरवर. निपाणीकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना तंबाखूची रानं आणि अण्णाच्या सायकलचं कॅरियर. पाचवी ते आठवी मी त्या कॅरियरवर बसून शिकलो, असं म्हटलं तरी चालेल. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. दहावीनंतर शाळा सोडून तो वखारीत कामाला लागला होता आणि जाता जाता मला शाळेत सोडायचा. उतार आला की मागे न बघता म्हणायचा, "सावकाश, तम्मा. घट्ट धर." घरात आई कानडी, वडील मराठी, त्यामुळे अण्णाच्या एका वाक्यात दोन्ही भाषा नांदायच्या. 'सावकाश' हा शब्द नक्की कुणाचा, हे मात्र आमच्याकडे कुणी विचारत नाही. दोन्ही भाषांनी तो आपलाच मानला आहे.

वखारीतून अण्णा इचलकरंजीच्या मागावर गेला आणि तिथून १९९४ च्या जूनमध्ये सुरतेला. तीनच महिन्यांत, सप्टेंबरात, सुरतेत प्लेगची बातमी फुटली. लाखो माणसं मिळेल त्या गाडीनं शहर सोडून पळाली. आई रोज रेडिओपाशी बसायची. अण्णा आला नाही. त्याची मनीऑर्डर मात्र आली. मी तेव्हा अकरावीत होतो. "कारखाना बंद आहे, पण मालकानं उचल दिली. तम्माची फी भरा," एवढंच फॉर्मच्या तळाशी लिहिलं होतं. पुढं मी एम. ए. झालो, कॉलेजात इतिहास शिकवू लागलो. अण्णा भेस्तानला स्थिरावला.

गेल्या जानेवारीत मी त्याच्याकडे गेलो ते सहज म्हणून नव्हे. आई जाऊन दोन वर्षं झाली. गावात तिच्या नावचं कौलारू घर आणि दीड एकर रान आहे. माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग, घराचे हप्ते, सगळं एकदम अंगावर आलेलं. अण्णाचा संसार सुरतेत, तो काही गावी परतणार नाही, असं आम्ही नवरा-बायकोनं ठरवून टाकलं होतं. वकिलांकडून हक्कसोडपत्राचा मसुदा करून घेतला आणि बॅगेत तळाशी ठेवला. मे महिन्यात अण्णानं येऊन सही-अंगठा करायचा, एवढंच राहिलं होतं.

भेस्तान म्हणजे मुंबई-बडोदा मार्गावरचं उधना आणि सचिन यांच्यामधलं छोटं स्टेशन. एके काळचं गाव, आता सुरत शहरात मिसळून गेलेलं. आजूबाजूला माग, रंगाई-छपाईचे कारखाने, चाळी. अण्णाच्या गल्लीत धुळे-जळगावकडची अहिराणी, ओडिया, भोजपुरी, सगळं एका नळावर ऐकू येतं. सुरत म्हटलं की आपल्याला १६६४ ची महाराजांची स्वारी आठवते. पण आज तिथं राहणारा मराठी माणूस लुटायला नव्हे, राबायला गेलेला आहे. पुढच्या सचिन स्टेशनाचीही गंमत आहे. तिथं १७९१ पासून जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्याचं छोटं संस्थान होतं. मी हे सांगितलं तर अण्णा म्हणाला, "तीस वर्षं इथून गाडी पकडतोय, कुणी बोललं नाही."

संध्याकाळी वहिनींनी पोंक वाढला. पोंक म्हणजे आपला हुरडाच, फक्त सोबत शेव आणि लिंबू. पुतण्या मोबाईलवर फ्रान्समधली सायकलस्वारी बघत होता. ल्वार नदीच्या काठानं सुमारे नऊशे किलोमीटरची सायकलवाट आहे. वाटेत जुने राजवाडे, द्राक्षांचे मळे. "काका, अशी वाट आपल्याकडं कुठं असणार?" तो म्हणाला. माझ्यातला मास्तर जागा झाला. त्याला विचारलं, "दिंडोली इथून किती लांब?" "ही काय, रुळांपलीकडं." म्हटलं, "मग वाट तुझ्या दारातच आहे."

१९३० च्या दांडीयात्रेत गांधीजी १ एप्रिलला सुरतेला होते. २ तारखेला दिंडोली, मग वांझ. ३ ला धामण आणि नवसारी. पुढे विजलपोर, कराडी, मटवाड आणि ५ एप्रिलला दांडी. साबरमतीपासून चोवीस दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर. त्यातला शेवटचा चाळीसेक किलोमीटरचा तुकडा भेस्तानच्या उंबऱ्यावरून सुरू होतो. अण्णा ऐकत होता. म्हणाला, "रविवारी जाऊ. तू पोराची गिअरची घे, माझी आहेच." पंचावन्न वर्षांचा माणूस, गुडघ्याला पट्टा. वहिनी नको म्हणाल्या. तो हसला.

पहाटे पाचला निघालो. संक्रांत जवळ आली होती, पतंगांचे दिवस. तिकडे या दिवसांत मांज्याच्या भीतीनं दुचाकीच्या हॅन्डलला तारेची कमान लावतात. अण्णानं दोन्ही सायकलींना ती लावली, माझ्या गळ्याभोवती स्वतःच्या हातानं मफलर गुंडाळला. शहर संपेपर्यंत ट्रक, धूळ आणि रंगाच्या कारखान्यांचा वास. मग हळूहळू उसाची शेतं सुरू झाली. तोड चालू होती, फडाच्या कडेला कोपी, चुलीचा धूर. क्षणभर वाटलं, आपण दूधगंगेच्या काठीच आहोत. रस्ता सपाट, चढ नावाला नाही. वाटेत मिंढोळा लागली. नवसारीच्या अलीकडे पूर्णा ओलांडली; डांगच्या डोंगरांतून येणारी ही पूर्णा आपल्या विदर्भातल्या पूर्णेहून वेगळी. पुलावर धुकं होतं. अण्णा थांबला, गुडघा चोळला आणि काही न बोलता पुन्हा पायडलवर पाय ठेवला.

नवसारी त्या काळी गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होती. जमशेटजी टाटा १८३९ साली इथंच जन्मले. चहा पिऊन एरू चार रस्त्यावरून दांडीकडे वळलो. आंबा-चिकूच्या बागा, शांत गावं, अंगणात झोपाळे. कराडीत थांबलो. मीठ उचलल्यानंतर गांधीजी इथं झोपडीत राहिले आणि ४ मेच्या मध्यरात्रीनंतर त्यांना इथूनच अटक करून येरवड्याला नेलं. येरवड्यात त्यांना सोबतीला मिळाले काकासाहेब कालेलकर. आपल्या बेळगुंदीशी नातं असलेले, मार्कंडेय नदीला 'सखी' म्हणणारे आणि पुढे गुजरातीतले थोर लेखक ठरलेले.

वाटेत मी अण्णाला यात्रेतली आपली माणसं सांगत होतो. भजनं म्हणणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. आणि हावेरीजवळच्या मोटेबेन्नूरचा मैलार महादेव, अठरा-एकोणीस वर्षांचा, या यात्रेतला कन्नड तरुण. पुढे १ एप्रिल १९४३ ला होसरित्तीला पोलिसांच्या गोळीनं गेला. अण्णा एवढंच म्हणाला, "म्हणजे तोही घरापासून लांब आला होता."

दांडीला ३० जानेवारी २०१९ पासून मिठाच्या सत्याग्रहाचं राष्ट्रीय स्मारक आहे. गांधीजी आणि यात्रिकांचे चालते पुतळे. त्यात मैलार कोणता असेल, हे मी शोधत राहिलो. जवळच सैफी व्हिला. ५ एप्रिलची रात्र गांधीजींनी तिथं काढली आणि सहा तारखेला सकाळी मीठ उचललं. समुद्र ओहोटीला लागून खूप आत गेला होता. काळपट वाळूवर आम्ही दोघं बसलो. वहिनींनी दिलेल्या दशम्या सोडल्या. चटणीत मीठ कमी होतं.

अण्णाला आईची म्हण आठवली. "उप्पिगिंत रुची इल्ल, तायिगिंत बंधु इल्ल." मिठाहून चव नाही, आईहून सोयरं नाही. मग समुद्राकडे बघतच म्हणाला, "तुझ्या बॅगेतला कागद वहिनीनं पाहिलाय. टॉवेल धुवायला काढताना."

माझा घास तोंडातच राहिला. मी फी, हप्ते, गावच्या घराची पडझड, सगळं भराभरा सांगू लागलो. त्यानं मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "सही करीन. तुझी नड खोटी नाही. एकच सांग, हक्क सोडल्यावर मी गावात आलो तर कुणाकडं उतरायचं?"

"माझ्याकडं, अण्णा. हे काय विचारणं?"

"तुझ्याकडं म्हणजे पाहुणाच की रे."

मी वर्गात सलग तास बोलतो. तिथं मला एक वाक्य सुचलं नाही. मसुद्यात चतुःसीमा होत्या, गट नंबर होता, 'स्वखुशीने' हा शब्द दोनदा होता. १९९४ ची मनीऑर्डर कुठंच नव्हती. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण दुसऱ्याला सहज सांगतो.

नवसारीपर्यंत सायकलवरून आलो, पण अण्णाचा गुडघा सुजला होता. तिथून पुढे टेम्पो केला. हौद्यात सायकली आडव्या, त्यांच्या शेजारी आम्ही दोघं. भेस्तान येईपर्यंत तो पुतण्याच्या नोकरीबद्दल बोलत राहिला. कागदाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही नाही. निघताना वहिनींनी बॅग भरून दिली. तळाशी मसुदा तसाच होता, घडीही न मोडलेला.

आता वकिलांना नवीन कागद करायला सांगितला आहे. घर दोघांच्या नावावर राहील. रानाचं अण्णा आल्यावर समोरासमोर बोलू. विकायचं ठरलं तर अर्धा वाटा त्याचा. आमच्या सौभाग्यवतींना हे पुरतं पटलेलं नाही आणि त्यांचंही चुकतं असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये फी भरायची आहे, ती या कागदानं भरली जाणार नाही. कर्जासाठी सोसायटीत अर्ज टाकला आहे.

मे महिन्यात अण्णा येतो आहे. गेल्या रविवारी गावच्या घराचं कुलूप काढलं, दोन खोल्या झाडून घेतल्या. माडीवर त्याची जुनी सायकल सापडली. टायर विरले आहेत, चेन गंजली आहे, कॅरियर मात्र शाबूत आहे. खाली उतरवून दुरुस्तीला नेली. दुकानदारानं विचारलं, "सर, एवढा खर्च करून चालवणार कोण?" म्हटलं, मी चालवीन. शाळेपर्यंतचा रस्ता आता डांबरी झालाय. या वेळी कॅरियरवर अण्णाला बसवायचं आहे. गुडघा दुखतो त्याचा. उतारावर सावकाश घेईन.