घरचंच काम आणि लेखी कागद



इंटिरियरचं काम करणाऱ्या बाईला परभणीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अगं, घरचंच काम आहे, पैशाचं काय बोलायचं!" आपला समाज लहान. मंदिरात रोज भेटणारी माणसंच माझी गिऱ्हाइकं. कुणी मावशी, कुणी वहिनींच्या माहेरचं, कुणी पाठशाळेतल्या मैत्रिणीची सासू. त्यामुळे यंदा मी कामाच्या अटी कागदावर उतरवल्या तेव्हा घरातच कुरबुर झाली. सासूबाई म्हणाल्या, "आपल्या माणसांकडून सह्या घ्यायच्या?" शिवणकाम, शिकवण्या, पापड-लोणची करणाऱ्या कितीतरी जणींना हाच प्रश्न येतो, म्हणून माझं उत्तर सविस्तर लिहितेय.

निमित्त झालं एका नात्यातल्या स्वयंपाकघराचं. नेमगिरीला जाणाऱ्या साधुसंघाचा विहार त्या बाजूने होतो, म्हणून घरात चौका नीट लागावा अशी त्यांची इच्छा. असं स्वयंपाकघर काढणं म्हणजे नुसता ओटा आणि ट्रॉल्या नव्हेत. महाराज उभ्याने, हाताच्या ओंजळीत आहार घेतात, तर त्यांच्या उभं राहण्याच्या जागी डोक्यावर कपाटाचं दार उघडता कामा नये. देणाऱ्यांना तिन्ही बाजूंनी जागा हवी. पडगाहनासाठी दारापासून आतपर्यंतची वाट मोकळी हवी. पाणी गाळायचा कट्टा वेगळा, छन्ना वाळवायला ऊन येणारी खिडकी, आणि सगळं निवडता येईल इतका उजेड. मी चारदा मापं घेतली, तीनदा आराखडा बदलला. शेवटच्या आराखड्याचा मोबाईलवर फोटो काढला गेला आणि काम मिस्त्रीकडे गेलं. वर मला निरोप: "तुझा त्रास वाचवला."

राग आला होता, नाही कशाला म्हणू? पण जास्त बोचलं ते वेगळंच. आपल्याकडे रिवाज असा की आराखडा फुकट. मग डिझायनरचं घर चालतं कशावर? बरेचदा प्लाय, लॅमिनेट, हार्डवेअरच्या दुकानातल्या कमिशनवर. गिऱ्हाइकाला वाटतं, हिने काहीच घेतलं नाही. प्रत्यक्षात ते पैसे त्याच्याच बिलात चढलेले असतात, फक्त त्याला दिसत नाहीत. आणि ज्या दुकानात कमिशन जास्त, तिथलाच माल चांगला वाटू लागतो.

इथे मला पाठशाळेत पाठ केलेले अतिचार आठवले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्याणुव्रताच्या अतिचारांमध्ये हीनाधिक मानोन्मान आणि प्रतिरूपक व्यवहार आहेत. लहानपणी वाटायचं, हे तराजू घेऊन बसणाऱ्या दुकानदारांसाठी. आता साइटवर उभी राहिले की दोन्ही समोर दिसतात. 18 एमएम म्हणून 16 चा प्लाय येतो, हे माप कमी देणं झालं. आयएस 710 चा छाप असलेला मरीन प्लाय ठरलेला असताना सिंकखाली 303 चा साधा लावून वर लॅमिनेट चिकटवणं, हा प्रतिरूपक व्यवहार. सत्याणुव्रताच्या अतिचारांत न्यासापहार आहे: ठेव ठेवणारा रक्कम विसरला तर गप्प राहून कमी परत देणं. गिऱ्हाइकाने सामानासाठी दिलेला अॅडव्हान्स ही ठेवच की!

म्हणून अटी लिहिल्या, आणि पहिली अट मी स्वतःवर घातली. कुठल्याही दुकानातून कमिशन घेणार नाही. जी सूट मिळेल ती पक्क्या बिलात गिऱ्हाइकाच्या नावावर. सामानाचे पैसे शक्यतो थेट दुकानाला. माझ्याकडे आले तर वेगळ्या खात्यात, आणि दर टप्प्याला हिशेब. माल उतरला की जाडी मोजून छापाचा फोटो पाठवायचा.

त्याच्या बदल्यात माझ्या कष्टाची फी उघड. पहिली भेट आणि बोलणं मोफत. मापं घ्यायच्या आधी डिझाइनच्या फीचा अर्धा भाग, उरलेला मापांसकट आराखडे हातात देताना. दोन बदल त्यातच धरलेले, तिसऱ्यापासून वेगळा आकार. पुढे काम कुणाकडूनही करून घ्या, माझी हरकत नाही. ही अट लिहिल्यापासून मिस्त्रीशी माझी चढाओढच संपली.

आर्किटेक्टसाठी 1972 चा कायदा आहे, नोंदणी करणारी कौन्सिल आहे. आम्हा इंटिरियरवाल्यांना तसं काही नाही. स्वतःचा कागद स्वतःच लिहावा लागतो. (मी मराठीत लिहिला, दोन पानी. वकिली इंग्रजीतला कागद पाहून मावशी घाबरल्या असत्या.)

वेळेची अटही घातली. साइट आणि फोन सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. सूर्यास्ताआधी जेवण व्हायचं असतं, हिवाळ्यात तर घाईच होते, आणि ताट वाढताना टाइल्सच्या रंगावर चर्चा नको. दशलक्षणात, भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी, कामं बंद. सुताराला हे आधीच माहीत असलं की त्याचीही रोजंदारी बुडत नाही, तो त्या दहा दिवसांत दुसरं काम धरतो. मंदिराचं आणि त्यागीभवनाचं काम मात्र फीविना. तिथे सेवा म्हणून करते आणि तसंच कागदावर लिहून देते, म्हणजे त्याचा दाखला देऊन कुणी आपल्या बेडरूमसाठी सवलत मागत नाही!

आतापर्यंत दोन कामं परत गेली. एका काकूंनी तर मंदिरात आठवडाभर बोलणं सोडलं होतं. तीन घरांनी सह्या केल्या. त्यातल्या एका आजोबांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, कमिशनच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि मुलाला विचारलं, "आपल्या दुकानात असं काही लिहिलंय का रे?" मुलगा हसला, पण उत्तर दिलं नाही.

सासूबाईंचं अजून पुरतं पटलेलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांच्या बहिणीकडचं काम आहे, म्हणजे आमच्या मावशींचं. कागदाची प्रत मी त्यांच्याच हाती दिली आहे. "मीच समजावून सांगते तिला," असं म्हणून त्यांनी ती पिशवीत ठेवली आहे.