विचारायचं कुणी, सांगायचं कुणी

शिरूर-दौंडच्या शाळांच्या मैदानांवर सॉफ्टबॉलचा सामना रंगला की फक्कीच्या रेषा पहिल्या काही इनिंगमध्येच पुसट होतात. दोन बेसमधलं अंतर 18.29 मीटर. मुली ते तीन-चार सेकंदांत कापतात. पाय आधी की चेंडू आधी, हे बेस पंच ठरवतो. नजर बेसवर आणि कान ग्लोव्हच्या आवाजावर ठेवून. थ्रो घेणाऱ्या मुलीचा पाय ताणताना बेसवरून सुटला, तर मात्र त्याच्या कोनातून ते दिसेलच असं नाही. बेसवर आधीचं कुणी नसेल तर प्लेट पंच रेषेलगत पुढे आलेला असतो. त्याला दिसतं.

मग कोच धावत येतात, ‘सर, तुमच्या पार्टनरला विचारा ना!’ विचारायला हरकत नाही, पण विचारायचं की नाही हे निर्णय देणाऱ्यानेच ठरवायचं. सहकाऱ्याने स्वतःहून मध्ये पडायचं नाही, दुरून खुणाही करायच्या नाहीत. विचारलंच, तर दोघं खेळाडूंपासून बाजूला होतात. प्रश्न नेमका हवा: ‘पाय बेसवर होता का?’ ‘तू काय दिलं असतंस?’ हा प्रश्न मला मान्य नाही. त्यात माहिती मागितली जात नाही, जबाबदारी ढकलली जाते. उत्तर ऐकून अंतिम निर्णय पहिलाच पंच जाहीर करतो.

अर्धवट फिरलेल्या बॅटचंही असंच. प्लेट पंचाने ‘बॉल’ दिला असेल तरच कॅचर बेस पंचाला विचारायची विनंती करू शकतो. चेंडू प्लेटवरून गेला की नाही, यावर मात्र वाद चालत नाही.

सगळ्यात अवघड असतं निर्णय फिरवल्यानंतरचं काम. ‘फाऊल’ ऐकून मुली थांबलेल्या असतात. आता धावपटूला कुठल्या बेसवर ठेवायचं? म्हणून फाऊलचा उच्चार घाईने करू नये, असं मी नव्या पंचांना आवर्जून सांगतो.

सल्लामसलतीलाही मर्यादा आहे. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइटमधल्या बेसबॉल सामन्यात पिचर अर्मांडो गॅलारागा परफेक्ट गेमपासून (प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही बेसवर पोहोचू न देण्यापासून) एका आऊटवर असताना पंच जिम जॉईस यांनी धावपटूला सेफ ठरवलं. तो आऊट होता, हे रिप्लेत स्पष्ट दिसलं. पण मैदानावर त्यांना खात्री होती; ज्याला शंकाच नाही तो विचारणार काय? अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये तेव्हा रिप्ले फक्त होमरनपुरता होता; 2014 पासून तो अशा निर्णयांनाही लागू झाला.

आपल्या तालुक्यांच्या मैदानांवर रिप्ले नाही, सहकाऱ्याचे डोळे एवढाच आधार. तरीही अनेकदा एकाच पंचावर सामना उरकला जातो, आणि मग त्याने विचारायचं कुणाला? आयोजकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे: प्रत्येक सामन्याला किमान दोन पंच द्या, आणि पहिल्या पिचपूर्वी कुणी काय पाहायचं हे ठरवायला त्यांना दहा मिनिटं द्या.