छातीवरचा वण

तीर्थपुरीला मी पंधरा दिवसांतून एकदा बसते. जागा माझी नाही, एका फिजिशियन मित्राच्या दवाखान्यातली मागची खोली आहे. मानसोपचाराची पाटी आम्ही मुद्दाम लावलेली नाही. घनसावंगी तालुक्यातल्या या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. पाटीखालून आत शिरताना कोणी पाहिलं, तर दिवेलागणीपर्यंत ते सोयऱ्याधायऱ्यांत पोचलेलं असतं. त्यामुळे माझे पेशंट ‘झोप नाही’, ‘भूक मेली’, ‘अंगात त्राण नाही’ असं सांगत मित्राच्या टेबलावरून माझ्याकडे सरकतात.

अलीकडे या सरकून येणाऱ्यांत विशी-पंचविशीची अशी मुलंमुली दिसतात, ज्यांच्या छातीच्या मधोमध उभा वण आहे. गळ्याखाली सुरू होतो आणि थेट पोटाच्या खळग्यापर्यंत उतरतो. हृदयतज्ज्ञाच्या लेखी ही मंडळी बरी झालेली आहेत. टू-डी इको चांगला, गोळ्या एक तर बंद, नाहीतर दोन-तीन. तरी ती रात्री टक्क जागी असतात, कॉलेज अर्ध्यावर सोडतात, घरात कुणाशी धड बोलत नाहीत.

ही पिढी मराठवाड्याला नवी आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली आणि त्याची पथकं अंगणवाड्यांतून, झेडपीच्या शाळांतून पोरांच्या छातीला स्टेथोस्कोप लावत फिरू लागली. वर्गातलं एखादं लुकडं, पळता पळता मध्येच उकिडवं बसणारं पोर बाजूला काढलं जाई. मग इको, मग मोठ्या शहरात शस्त्रक्रिया, तीही मोफत. जीवनदायी योजनेनं मोठ्यांचीही सोय झाली. तिचंच आजचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. त्याआधी ‘हार्टला होल’ असलेली लेकरं आमच्या भागात एक तर कळायच्या आत जायची, नाहीतर ‘नाजूक’ म्हणून ओट्यावर बसून मोठी व्हायची. २०१३ साली दुसरी-तिसरीत असलेलं पोर आज विशीत आहे. शाळेतल्या पथकाचा हात मात्र अठराव्या वर्षी सुटतो. त्यानंतर कुठं जायचं, काय विचारायचं, लग्न करायचं की नाही, हे त्याला कुणी बसवून सांगितलेलं नसतं.

बहुतेकांना आपल्याला नेमकं काय झालं होतं हेही माहीत नसतं. फाईल बापाच्या ताब्यात असते, प्लास्टिकच्या पिशवीत, सातबाराच्या उताऱ्यांसोबत. ‘काय झालं होतं तुला?’ असं मी बावीस वर्षांच्या मुलाला विचारते आणि उत्तर बाप देतो. मग मी बापाला चहाला बाहेर पाठवते आणि मुलापुढे कोरा कागद सरकवते. म्हणते, तुझं हृदय काढ. एकानं पत्त्यातला बदाम काढला, त्याच्या पोटात गोल केला आणि त्या गोलावर पँटला लावतात तसं चौकोनी ठिगळ. चारी बाजूंनी टाकेसुद्धा काढले. बराच वेळ पेन हातात फिरवून म्हणाला, “मॅडम, हे ठिगळ निघतं का कधी? म्हंजे, जोरात पळालं तर?” ऑपरेशन झालं तेव्हा तो चौथीत होता. तेव्हापासून हा प्रश्न त्याच्या पोटात होता. त्यानं पळणं सोडलं, मग कबड्डी, मग मित्रांबरोबर यात्रेला जाणं. ठिगळावर काही महिन्यांत हृदयाचं स्वतःचं अस्तर चढतं आणि ते हृदयाचाच भाग होऊन जातं, एवढी माहिती त्याला हवी होती. ती द्यायला दोन मिनिटं लागली. भीती जायला अर्थातच जास्त वेळ लागला, कारण तोवर ती सवय झाली होती.

(इथली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून मी तपशील फिरवले आहेत.)

या मुलांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा त्रास मरणाच्या भीतीचा असेल, असं बाहेरच्याला वाटतं. माझा अनुभव तसा नाही. त्यांना पिळतात त्या दोन गोष्टी आणि दोन्ही मायेपोटीच घडतात. घरचे त्यांना अतोनात जपतात आणि बाहेरच्यांपासून त्यांचा आजार लपवतात. घरात ‘तुला नाही जमायचं’ आणि चारचौघांत ‘याला कुठं काय झालंय?’ एकाच दिवसात दोन्ही ऐकायची.

मुलींच्या बाबतीत हे लग्नाच्या वयात टोकाला जातं. माझ्याकडे आलेली एक मुलगी बी.कॉम.ला होती, झडपेची शस्त्रक्रिया झालेली. तिच्या आईनं सगळे ब्लाउज बंद गळ्याचे शिवून घेतले होते, मे महिन्यातही तेच. स्थळं यायला लागली तशी मामा म्हणाले, “सांगायचं कशाला? बरी झाली ना पोरगी.” काका म्हणाले, “सांगितलं तर बिजवराशिवाय कोण येणार?” दोघंही तिच्या भल्याचंच बोलत होते. तिला मात्र कुणी विचारलं नाही. पाहुणे बघायला येणार त्या दिवशी सकाळी तिची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडले. गाडी करून तिला संभाजीनगरला नेलं. इको नॉर्मल. घरी आल्यावर ‘नाटक करते’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला आणि त्यानंतर ती जेवेनाशी झाली.

झडपेच्या आजारात लपवणं नुसतं मनाला जड नसतं, ते जिवावर बेततं. यातल्या बहुतेकींना लहानपणी घशाच्या साध्या संसर्गातून संधिवाताचा ताप येऊन गेलेला असतो आणि त्यात झडप आखडते. तो ताप परतू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं असतं, वर्षानुवर्षं. ते भयंकर दुखतं. त्यात रिॲक्शनच्या धास्तीनं गावातले बरेच दवाखाने ते द्यायलाच नको म्हणतात. सासरी कुणाला सांगितलेलं नसेल, तर सून दर तीन आठवड्यांनी कोणत्या निमित्तानं बाहेर पडणार? गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, तेव्हा आजवर गप्प असलेली आखडलेली झडप अचानक दम लावते. धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर चुकवता येत नाही आणि तीच गोळी पहिल्या महिन्यांत गर्भाला घातक ठरू शकते. मूल होऊ शकतं, पण हृदयतज्ज्ञाशी आधी बोलून, ठरवून. ज्या घरात आजाराचं नावच घ्यायचं नाही, तिथं हे ठरवणार कोण?

म्हणून माझं मत मी स्पष्ट सांगते. सुपारी फुटायच्या आधी सांगायचं, आणि मुलीनं स्वतः मुलाला सांगायचं, सोबत हृदयतज्ज्ञाचं पत्र ठेवायचं. मध्यस्थानं सांगितलं की ‘थोडं छातीचं होतं’ इतकंच पोचतं. माझ्या मताला विरोध होतो. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेली माझी एक मैत्रीण म्हणते, तुला बोलायला काय जातं, मोडलेल्या लग्नाचं खापर तिच्या डोक्यावर फुटतं. तिचं म्हणणं खोटं नाही. त्या बी.कॉम.च्या मुलीनं सांगितलं आणि स्थळ मोडलं. पण त्या आठवड्यात ती जेवायला लागली, हेही मी पाहिलं आहे. तिच्या आईनं मला अजून माफ केलेलं नाही.

मुलांची परीक्षा वेगळ्या मैदानावर होते. पहाटे पाचला तीर्थपुरीच्या रस्त्यावर या, पोलीस भरतीवाली पोरं पळताना दिसतील. कापूस, मोसंबी आणि उसावर भागत नाही तेव्हा खाकी हाच इथला मोठा आधार. सोळाशे मीटर पळायचं, छाती फुगवून दाखवायची. ज्याच्या छातीवर वण आहे त्याला मेडिकलमध्ये काय होणार हे ठाऊक असतं, तरी तो मित्रांबरोबर उठतो, कारण न उठण्याचं कारण द्यावं लागेल. काहींना या पळण्यानं काही होत नाही, काहींना होऊ शकतं. कुणाला कोणतं, हे स्ट्रेस टेस्ट आणि हृदयतज्ज्ञच सांगतील. २०१४ साली मुंबईच्या भरतीत धडधाकट उमेदवार धावताना दगावले आणि नंतर पाच किलोमीटरची ती दौड कमी करावी लागली, हे मी या मुलांना मुद्दाम सांगते. घाबरवायला नव्हे. शरीराची मर्यादा असणं म्हणजे बायल्या असणं, हे जे त्यांच्या डोक्यात बसलंय, ते हलवायला.

धातूच्या झडपेचा आवाज येतो, हे किती वाचकांना माहीत आहे? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा बसवलेली भारतीय बनावटीची चित्रा झडप म्हणजे एका कड्यात उघडझाप करणारी चकती. परदेशी झडपांच्या मानानं ती पुष्कळ स्वस्त पडली, म्हणून आपल्या सामान्य माणसापर्यंत पोचली. अशा झडपेची चकती मिटली की बारीक टक्‌ होतं. दिवसा कळत नाही. रात्री कळतं. एक तरुण शेतकरी थंडीतही पंखा लावून झोपायचा, बायको कुरकुरायची. त्याला पंख्याच्या घरघरीत ती टक्‌टक्‌ बुडवायची होती. लाइट गेली की पंखा थांबे आणि तो उठून अंगणात येऊन बसे. मोजायचा. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटला की घामाघूम. त्याला आवाज बंद करून देणं माझ्या हातात नव्हतं. आम्ही उलटं केलं. बायकोला बोलावलं, तिला त्याच्या छातीला कान लावायला सांगितलं. ती ऐकून हसली आणि म्हणाली, “एवढंच व्हय? मला वाटलं, हे मव्हा राग राग करून बाहेर जाऊन बसतात.” चार वर्षांच्या संसारात त्यानं तिला हा आवाज सांगितलाच नव्हता.

धडधडीबद्दल आमच्या डॉक्टरमंडळींना दोन शब्द. हृदयाच्या पेशंटची धडधड ‘टेन्शनची’ म्हणून वाटेला लावू नये. मी स्वतः आधी नाडीवर बोटं ठेवते. जलद पण तालात असेल तर एक गोष्ट, ताल सोडून वेडीवाकडी असेल तर दुसरी, आणि दोन्हीत ईसीजी आधी, गप्पा नंतर. घबराटीचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. पण ज्याच्या हृदयावर खरंच चाकू चालला आहे, त्याची घबराट निराधार नसते. तिला आधार आहे, फक्त तिचं माप चुकलंय. माप दुरुस्त करणं हे माझं काम. ‘टेन्शन घेऊ नको’ हे वाक्य मात्र सगळ्यांनी काही वर्षं रजेवर पाठवावं.

तिशीतल्या हार्ट अटॅकवाल्यांचा प्रकार वेगळा. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी येतो, इतरत्र ५९च्या आसपास, असं इंटरहार्टच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. आमच्याकडे तंबाखू-गुटखा बराच हातभार लावतो. २०२३च्या डिसेंबरात अभिनेता श्रेयस तळपदेला झटका आल्याची बातमी आली, तेव्हा कोविडच्या लसीमुळे का, हाच प्रश्न मला जास्त विचारला गेला. आयसीएमआरनं १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास करून त्याच वर्षी सांगितलं होतं की लसीनं धोका वाढलेला आढळला नाही. घरात असे मृत्यू झालेले असणं, एका बैठकीत भरपूर दारू पिणं, अंगाला न झेपणारे श्रम, ही कारणं त्यात पुढे आली. मोबाइलवरच्या नाचताना कोसळणाऱ्या माणसांच्या व्हिडिओपुढे ही माहिती टिकत नाही, हे मान्य. झटका येऊन गेलेल्या या पुरुषांना विचारायचं असतं भलतंच. ते विचारत नाहीत, बायकोपासून लांब खाट टाकतात. दोन जिने न थांबता, न दुखता चढता येत असतील तर संबंधाला बहुधा हरकत नसते, तरी आपल्या डॉक्टरला एकदा विचारून घ्यावं. दिवाळी अंकात हे छापायचं की नाही, ते संपादकांनी बघावं.

उदासी मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. मॉन्ट्रियलमध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी १९९३ सालीच दाखवलं की झटक्यानंतर नैराश्यात गेलेली माणसं पुढच्या सहा महिन्यांत जास्त दगावतात, हृदयाची इजा सारखी धरली तरीही. औषधं आहेत. सर्ट्रालीन हृदयरोग्यांत सुरक्षित ठरलेली आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्राव होत नाही ना, याकडे लक्ष ठेवायचं, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, वेळेवर करायची आणि अंगदुखीला मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी घ्यायची नाही. त्या गोळीसाठी मेथी-पालक कायमची सोडायची गरज नसते, रोज साधारण सारखी खायची. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलतात.

ठिगळ काढणारा तो मुलगा आता कृषी सेवा केंद्रात काम करतो. त्याच्या आईचा हट्ट होता की खताच्या पोत्याला त्यानं हात लावायचा नाही, आणि मालक म्हणत होता, मग पगार कशाचा देऊ? त्याला मी एकट्यालाच हृदयतज्ज्ञाकडे पाठवलं, फाईल त्याच्या हातात देऊन. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठीवर लिहून दिलं, ‘कोणतेही काम करण्यास हरकत नाही.’ आईनं ती चिठ्ठी दोनदा वाचून घेतली, झेरॉक्स काढली आणि पुढच्या वेळी माझ्यापुढे ठेवून विचारलं, “मॅडम, कोणतंही म्हंजे फवारणी पण का?” फवारणी कुणीच तोंडाला न बांधता करू नये, असं मी म्हणाले. “मंग तसं लिहून द्या,” ती म्हणाली, “तुमच्या सहीनं.”