मोटर आणि चाँद

अब्बांचे गुडघे गेले, तेव्हापासून त्यांचं गच्चीवर जाणं बंद झालं. एरवी त्याचं काही वाटत नाही. पण २९व्या रोजाच्या मगरिबनंतर अख्खी गल्ली गच्चीवर आणि ते एकटे खाली पलंगावर. "चाँद दिख्या क्या रे?" हा जिन्यातून येणारा आवाज मला दोन वर्षं टोचत होता. लहानपणी मला खांद्यावर बसवून चाँद दाखवणारे तेच.

म्हणून ठरवलं, गच्चीवर कॅमेरा बसवायचा. चित्र खालच्या टीव्हीवर, रिमोट अब्बांच्या हातात. आडवी-उभी फिरणारी बैठक प्लायवूड आणि बेअरिंग वापरून घरीच केली. अडलं ते मोटरवर.

आधी खेळण्यातल्या विमानाची ९ ग्रॅमची सर्वो लावली. कॅमेरा ६०० ग्रॅमचा, त्याचं वजन आसापासून ५ सेंटिमीटर पुढे. म्हणजे ३ किलो-सेंटिमीटर जोर हवा. हिचा जोर दोनाच्याही आत. थोडी थरथरली आणि मान टाकली.

मग भंगारातून जीपच्या वायपरची मोटर आणली. जोर भरपूर. आत वर्म गिअर, त्यामुळे लाइट गेली तरी कॅमेरा जागचा हलत नाही. आमच्या धाराशिवात ही लहान गोष्ट नव्हे. पण बटण दाबून सोडेपर्यंत पश्चिमेचा कॅमेरा दक्षिणेला!

तेव्हा कुठे कागद घेऊन बसलो. चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद, आणि दर दोन मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. मला जोर नको होता, मोजून टाकलेलं पाऊल हवं होतं. ते काम स्टेपरचं. नेमा-१७ मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते, एक पाऊल १.८ अंशांचं, म्हणजे तीन चंद्र ओलांडून उडी. २० दातांच्या पुलीवरून १०० दातांच्या पुलीला पट्टा दिला, पाऊल ०.३६ अंशावर आलं. जोराचा प्रश्न मोटर न बदलताच सुटला. कॅमेरा मागे सरकवून त्याचं वजन आसावर आणलं. आता लाइट गेली तरी तो डोकं खाली घालत नाही.

पडद्यावर दिसलेल्या चाँदची ग्वाही धरायची का, यावर उलेमांत मतभेद आहेत. अब्बांना विचारलं तर म्हणाले, "ग्वाही देनेवाले दुसरे हैं. मेरेकू खाली देखना है."

यंदा त्यांनीच रिमोटने शोधला. बारीक, नखाएवढा. हात उचलून दुआ मागितली आणि मला म्हणाले, "तू देख्या क्या?"

मी वायरीच धरून बसलो होतो. तसाच जिना चढून वर गेलो.