दोन रक्षा

व्हँपायर खरोखर होते का, असं कुणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर ट्रान्सिल्व्हेनियातला किल्ला येत नाही. येते ती अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधली एक शेतकऱ्याची मुलगी, मर्सी लीना ब्राऊन. एक्झिटर नावाच्या खेड्यात १७ जानेवारी १८९२ रोजी ती क्षयानं गेली, तेव्हा तिचं वय होतं १९. दोन महिन्यांनी, १७ मार्चला, गावकऱ्यांनी तिचं प्रेत शवपेटीतून बाहेर घेतलं, हृदय आणि यकृत काढलं आणि दफनभूमीतल्याच एका खडकावर जाळलं. ती रक्षा औषध म्हणून तिच्या भावाला पाजली.

या घरात मृत्यू आठ वर्षांपासून येत होता. डिसेंबर १८८३ मध्ये आई गेली, मेरी एलायझा. पुढच्या उन्हाळ्यात थोरली बहीण मेरी ऑलिव्ह गेली, विशीतली. मग काही वर्षं घरानं श्वास घेतला, आणि एडविन, चांगला धट्टाकट्टा मुलगा, खोकू लागला. डोंगरावरच्या कोरड्या हवेनं गुण येतो असं तेव्हा मानत, म्हणून तो दूर कोलोरॅडोला राहायला गेला. तो तिकडे असतानाच मर्सीला दुखण्यानं गाठलं, आणि तिला फार दिवस दिले नाहीत. एडविन परत आला तो आणखी खंगून.

शेजारी बापाकडे आले. जॉर्ज ब्राऊन साधा शेतकरी होता. त्याला सांगण्यात आलं की गेलेल्या तिघींपैकी कुणा एकीच्या हृदयात अजून ताजं रक्त असणार आणि ती एडविनच्या जिवावर जगत असणार. ते हृदय जाळलं तरच मुलगा वाचेल. जॉर्जचा यावर विश्वास नव्हता, पण त्यानं हो म्हटलं. दफनभूमीवर हॅरोल्ड मेटकाफ नावाच्या डॉक्टरला नेलं, त्याचाही विश्वास नव्हता. आई आणि थोरली मुलगी यांच्या शवपेटीत जवळजवळ हाडंच उरली होती. मर्सी मात्र तशीच होती, हृदयात रक्त होतं. डॉक्टरनं सांगितलं की हे अगदी स्वाभाविक आहे. ही थंडीत गेली आणि गोठलेल्या जमिनीत पुरता येईना म्हणून दगडी कोठीत ठेवली होती. तिच्या फुप्फुसांत क्षयाच्या खुणा आहेत हेही त्यानं दाखवलं. लोकांना जे पाहायचं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. एडविन २ मे रोजी गेला.

रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं ते १८८२ साली. म्हणजे एक्झिटरमध्ये ही आग पेटली तेव्हा त्याला दहा वर्षं झाली होती. पण जंतू सापडणं वेगळं आणि त्यावर औषध मिळणं वेगळं. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ उजाडावं लागलं. मेटकाफ डॉक्टरकडे खरं कारण होतं, उपाय नव्हता. शेजाऱ्यांकडे कारण खोटं होतं, पण करण्यासारखं काहीतरी होतं. मुलगा डोळ्यांदेखत विझत असताना बाप कुणाचं ऐकेल? जॉर्ज ब्राऊनच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की त्याला अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते शेजारी सगळ्याच बाबतीत चूक नव्हते, हेही मला महत्त्वाचं वाटतं. हा आजार एका घरात शिरला की त्या घराला सोडत नाही, एक गेला की त्याच्या सगळ्यांत जवळचा माणूस झिजू लागतो, हे त्यांनी नीट पाहिलं होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या त्या ईशान्य भागात जवळजवळ दर चौथा मृत्यू क्षयाचा होता. तेव्हा पाहायला त्यांना भरपूर मिळालं होतं. मेलेला माणूस आपल्याच माणसांना ओढून नेतो, हा त्यांनी काढलेला अर्थ चुकला. निरीक्षण चुकलं नव्हतं. व्हँपायर हे नाव त्या प्रकाराला वर्तमानपत्रांनी दिलं. गावकरी नुसतं क्षयाबद्दल बोलत होते.

अशा गोष्टी त्या भागात याआधीही घडल्या होत्या. व्हरमाँटमधल्या एका कुटुंबानं असाच उपाय केल्याचं वाचून अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरोनं १८५९ मध्ये आपल्या रोजनिशीत नोंद केली, माणसातला रानटीपणा कधी पुरता जात नाही म्हणून खंत केली. पुढे तीनच वर्षांत थोरो स्वतः क्षयानं गेला. त्याची बहीण हेलन त्याच्या आधी त्याच रोगानं गेली होती. ती नोंद मी पुन्हा वाचते तेव्हा त्याच्या शब्दांतला कठोरपणा मला टोचतो. त्याच्याही घरात तोच पाहुणा बसलेला होता.

व्हँपायरची मूळ गोष्ट एक्झिटरच्याही दीडशेहून अधिक वर्षं मागची, सर्बियातली. १७१८ च्या तहानं सर्बियाचा उत्तर भाग तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवटीकडे आला, आणि खेड्यापाड्यांत अहवाल लिहिणारे अधिकारी पोचले. गावची भुतं गावातच राहिली असती, ती सरकारी कागदांवर चढून व्हिएन्नाला गेली. किसिल्येवो गावात १७२५ मध्ये पेटार ब्लागोयेविच नावाचा माणूस मेला आणि आठवड्याभरात आणखी नऊ जण गेले. मरताना ते म्हणाले की पेटार रात्री येऊन अंगावर बसला आणि त्यानं गळा आवळला. फ्रोमबाल्ड नावाचा अधिकारी तिथं गेला. बेलग्रेडहून परवानगी येईपर्यंत थांबा, असं त्यानं सांगून पाहिलं. तोवर गाव उरणार नाही, आम्ही घरंदारं सोडून जातो, असं लोक म्हणाले. कबर उघडली. प्रेताला दुर्गंध नव्हता, दाढी आणि नखं वाढलेली दिसत होती, जुनी कातडी सोलून खाली नवी आलेली, तोंडात रक्त. लोकांनी छातीत अणकुचीदार खुंटा ठोकला आणि प्रेत जाळलं. अहवालाच्या शेवटी फ्रोमबाल्डनं लिहिलं की यात काही चुकलं असेल तर दोष माझा नाही, भीतीनं भान सुटलेल्या जमावाचा आहे.

त्या अहवालात एक तपशील आहे, त्याच्यापाशी मी दर वेळी थबकते. पेटारच्या बायकोनं सांगितलं की नवरा रात्री आला आणि त्यानं आपल्या वहाणा मागितल्या. एवढंच. रक्त नाही, दात नाहीत. घरचा माणूस घरी येऊन पायात घालायला वहाणा मागतो. नुकतीच विधवा झालेली बाई, कोपऱ्यात नवऱ्याच्या वहाणा तशाच, आणि रात्री पडलेलं ते स्वप्न. तिचं दुःख मला तिथं स्पष्ट दिसतं. पण गावात तोवर माणसं पटापट मरू लागली होती, त्यामुळे तिला त्या स्वप्नाचं भय वाटलं आणि ती गाव सोडून निघून गेली.

मेलेला माणूस पुन्हा उठून रक्त पीत नाही, कधीच प्यायला नाही, हे स्पष्टच सांगते. जमिनीखाली काय घडतं हे आज आपल्याला कळतं. शरीर सडताना आत वायू साठतात, पोट फुगतं, त्या दाबानं काळपट लाल द्रव तोंडानाकातून बाहेर येतो. गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होऊ शकतं. कातडी आक्रसते म्हणून नखं आणि दाढी वाढल्यासारखी वाटतात, वरची त्वचा सुटून आली की खालची ताजी भासते. खुंटा ठोकला की कोंडलेला वायू घशातून निघतो आणि प्रेत कण्हतं. थंडीत, खोल मातीत हे सगळं फार सावकाश होतं. किसिल्येवोच्या माणसांनी पाहिलेली एकेक गोष्ट त्यांना खरोखर दिसलेली होती. पुढे १७३२ मध्ये मेद्वेजा गावातून लष्करी शल्यवैद्य योहान फ्ल्यूकिंगर यानं आणखी सविस्तर अहवाल पाठवला आणि युरोपभर या विषयाची चर्चा माजली. १७५५ मध्ये मोराव्हियात एका मृत बाईला उकरून जाळलं, तेव्हा सम्राज्ञी मारिया थेरेसानं आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटन याच्यामार्फत चौकशी करवली आणि प्रेतं उकरण्यावर बंदी घातली. कायद्यानं मेलेल्यांची बाजू घेतलेली पाहून मला त्या राणीबद्दल फार आदर वाटतो.

उमराव, काळा झगा, किल्ला हे सगळं पुस्तकांतून आलं: १८१९ मध्ये पोलिडोरीच्या कथेतून आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तून. स्टोकर कधी ट्रान्सिल्व्हेनियाला गेला नव्हता. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या, या प्रकारांवरचं वर्तमानपत्राचं एक कात्रण मात्र त्याच्या कागदपत्रांत सापडलं. या पुस्तकांनी मुख्य गोष्टच बदलून टाकली असं मला वाटतं. गोष्टीतला व्हँपायर परका, दुरून आलेला, श्रीमंत. गावातला व्हँपायर आपली आई, नवरा, बहीण. तो प्रथम आपल्याच घराचं दार वाजवतो.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होऊन परत येते, म्हणून तिला नेताना वाटेवर राळे टाकीत. दाणा दाणा वेचल्याशिवाय तिला घरी येता येत नाही अशी समजूत. स्लाव्ह लोक कबरीत खसखस किंवा बारीक धान्य टाकीत, तेही याच समजुतीनं. दोन्हीकडे वाट अडवायची ती घरच्याच माणसाची. जिनं त्या घरासाठी जीव दिला तिचीच वाट बंद करायची.

माझ्या आजीची धाकटी जाऊ क्षयानं गेली. औषधं गावापर्यंत पोचायच्या आधीचा तो काळ. तिचं ताट-तांब्या वेगळं केलं होतं, निजणं पडवीत. ती गेल्यावर तिची वाकळ जाळली आणि पुढे घरातल्या कुठल्याच मुलीला तिचं नाव ठेवलं नाही. वर्षभरात तिची लहान लेक गेली. तेव्हा बायका म्हणाल्या, आईनं लेकीला ओढून नेलं. आजी हे सांगायची तेव्हा तिचा आवाज चढायचा. "तिनं न्हाई नेलं गं पोरीला. पोर तिच्या कुशीतच निजायची, तिथंच खोकला लागला. दूर ठेवा म्हनून तीच रडून सांगायची, पन पोर काय ऐकती व्हय?" मी एक्झिटरची हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा हा चढलेला आवाज मला ऐकू आला. मर्सीच्या बाजूनं असं भांडणारं कुणी त्या दफनभूमीवर होतं का, कोण जाणे.

बॉस्टनला नातेवाइकांकडे गेले असताना मी एक्झिटरला जाऊन आले. छोटं पांढरं चर्च, मागं दफनभूमी. मर्सीचा दगड एकदा चोरीला गेला होता, म्हणून आता लोखंडी पट्टीनं जखडलेला आहे. त्यावर लोकांनी नाणी, फुलं, काचेचे मणी ठेवले होते. काही मुलं फोटो काढत होती, भुताच्या गोष्टी एकमेकांना सांगत होती. मी शेजारचे दगड वाचत राहिले. आई, बहीण, भाऊ, सगळे एकाच ओळीत.

परतताना मनात आनंदीबाई जोशी होत्या. मर्सीची आई गेली त्याच १८८३ साली, जूनमध्ये, आनंदीबाई न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या बाईंच्या घरी त्या मुलीसारख्या राहिल्या, मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयानंच गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा त्यांचे पती गोपाळराव यांनी कार्पेंटर बाईंकडे पाठवली. त्या बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत, स्वतःच्या माणसांजवळ पुरली आणि वर दगड उभारला. एक्झिटरपासून पोकीप्सी काही तासांच्या वाटेवर आहे. एकच रोग, पाच वर्षांच्या आतलं अंतर, दोन तरुण मुली. एकीची रक्षा हजारो मैल समुद्र ओलांडून आली आणि परक्या घरानं ती आपली म्हणून ठेवली. दुसरीच्या हृदयाची रक्षा तिच्याच भावाच्या पेल्यात गेली, कारण तिच्या प्रेमाबद्दल गावाला खात्री उरली नव्हती. मर्सीचा हा अपमान मला अजून सलतो, आणि तो तिच्या मरणाहून मोठा वाटतो.

क्षय गेलेला नाही. २०२३ मध्ये जगात साडेबारा लाख माणसं त्यानं गेली आणि जगातल्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. आता औषधं आहेत, नेमानं घेतली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. रुग्ण सापडला की आरोग्यसेविका त्याच्या घरी जाते आणि विचारते: घरात आणखी कोण कोण, कुणाला खोकला आहे का, लहान मूल कुणाजवळ निजतं? एक्झिटरच्या शेजाऱ्यांना हेच कळायला हवं होतं, पण ते मेलेल्यांना विचारत बसले. ती जिवंतांना विचारते, सगळ्यांची तपासणी करवते आणि ज्यांना अजून आजार झालेला नाही त्यांनाही प्रतिबंधक गोळ्या सुरू करून देते. माझ्या आजीच्या जावेच्या दारात अशी कुणी बाई आली असती तर ती लेक आज आमच्या घरातली म्हातारी आत्या असती.