उशिरा उघडलेलं दार

मार्च आला की फजरच्या आधी उठून मी मोबाईलवर अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघतो. 2021 पासून तिथल्या कॉलेज खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करता येते. त्यामुळे हल्ली चर्चा पैशांचीच जास्त. मला मात्र बिल्किस अब्दुल-कादिर आठवते. मेम्फिस आणि इंडियाना स्टेट या विद्यापीठांकडून ती हिजाब घालून खेळली. कॉलेजात अडचण आली नाही. व्यावसायिक खेळायची वेळ आली तेव्हा ‘फिबा’चा डोकं झाकण्याविरुद्धचा नियम आडवा आला. तिने हिजाब सोडला नाही, दाद मागत राहिली. 2017 मध्ये नियम बदलला, पण तोवर तिची उमेदीची वर्षं निघून गेली होती. आज एखादी मुलगी हिजाब घालून मैदानात उतरते तेव्हा मी टाळ्या वाजवतो. त्यातल्या अर्ध्या बिल्किससाठी असतात.