छपरासाठी सायकल

रविवार, वरसे. पहाटे कोलाडच्या रस्त्याला सायकल घातली आणि डोक्यात मिलार्ड फुलर घोळत राहिला.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला हा श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. 1976 साली पत्नी लिंडासह त्याने ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही गरजूंसाठी घरं बांधणारी संस्था उभी केली, 2005 मध्ये त्याच कामासाठी ‘फुलर सेंटर’. या दुसऱ्या संस्थेचे सायकलस्वार 2008 मध्ये पॅसिफिकच्या काठावरच्या सॅन दिएगोहून निघाले ते थेट अटलांटिकजवळच्या सव्हानापर्यंत. देणग्या गोळा करत, रात्री चर्चच्या आसऱ्याला. पुढे दरवर्षी मोहिमा होऊ लागल्या. मला त्यातली एकच गोष्ट फार भावते: मधले काही दिवस सायकली बाजूला ठेवून ही माणसं हातात हातोडा घेतात आणि कुणाचं तरी घर दुरुस्त करतात. नुसता पैसा पाठवून ती मोकळी होत नाहीत. घरमालकही जमेल तसे पैसे परत करतो, बिनव्याजी, म्हणून त्याची मान ताठ राहते.

हे आपल्यापासून लांबचं नाही. 2006 मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला ‘हॅबिटॅट’च्या कामावर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर स्वतः विटा रचत होते.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवतं. रायगडात कौलं, पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. तेव्हा मदत आली, पण छपरावर चढणारे हात कमी पडले.

रोह्या-पेणच्या सायकलवाल्या मंडळींनो, पुढच्या लांबच्या फेरीत एक दिवस एखाद्या वाडीवरच्या छपरासाठी ठेवा.